धुळाक्षरांच्या आधी : बालवाडीचे वातावरण आणि मुलांचा कारक विकास

बालवाडीच्या पालकसभेत विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात. अक्षरे किती आली, आकडे कुठवर म्हणतो, वहीत ओळ सोडून लिहितो का. मूल एका पायावर किती वेळ उभे राहते, चेंडू हातांनी झेलते की छातीशी कवटाळते, जिना उतरताना पाय आलटून-पालटून टाकते का, हे सहसा कोणी विचारत नाही. प्रत्यक्षात तीन ते सहा या वयात पहिल्या प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी दुसऱ्या प्रश्नांवर अवलंबून असतात. आणि दुसऱ्या प्रश्नांची उत्तरे केवळ वयावर ठरत नाहीत. मूल दिवसाचे तास कोणत्या जागेत, कोणत्या वस्तूंमध्ये आणि कशा प्रकारच्या मोठ्या माणसांच्या सोबतीत घालवते, यावर ती ठरतात.

मेंदू, मज्जातंतू आणि स्नायू यांच्या मेळातून होणाऱ्या हेतुपूर्ण हालचालींना मानसशास्त्रात ‘कारक कौशल्ये’ म्हणतात. धावणे, उडी मारणे, लंगडी घालणे, चढणे, फेकणे, झेलणे, तोल सांभाळणे ही स्थूल कारक कौशल्ये. मणी ओवणे, बटण लावणे, कागद कातरणे, स्वतः भात कालवून खाणे, पेन्सिल धरणे ही सूक्ष्म कारक कौशल्ये. ही विभागणी अभ्यासाच्या सोयीसाठी आहे. मुलाच्या शरीरात अशी भिंत नसते. धड आणि खांदा स्थिर असल्याखेरीज बोटांना बारीक काम करता येत नाही. लिहिता लिहिता मूल डोके टेबलावर टेकवते, तेव्हा मोठ्यांना तो कंटाळा वाटतो. अनेकदा ते पाठीच्या स्नायूंचे थकणे असते.

वय की वातावरण?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या प्रश्नाचे प्रचलित उत्तर ‘वय’ असे होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अर्नोल्ड गेसेल आणि त्यांच्या सहकारी हेलन थॉम्पसन यांनी १९२९ मध्ये जुळ्या बहिणींवर केलेला प्रयोग त्यासाठी सर्वत्र सांगितला जाई. एका बहिणीला ४६ व्या आठवड्यापासून सहा आठवडे पायऱ्या चढण्याचा सराव दिला. दुसरीला दिला नाही. दुसरी बहीण ५३ व्या आठवड्यात सरावाशिवाय पायऱ्या चढू लागली आणि थोड्याशा सरावानंतर पहिलीच्या बरोबरीला आली. शरीर परिपक्व झाले की कौशल्य आपोआप येते, घाई व्यर्थ आहे, असा निष्कर्ष त्यातून निघाला. दुसऱ्या बहिणीला पायऱ्यांचा सराव नव्हता, पण रांगायला जमीन होती, आधाराला फर्निचर होते, उचलून घेणारी माणसे होती, याकडे त्या काळी फारसे लक्ष गेले नाही.

वेन डेनिस हे मानसशास्त्रज्ञही सुरुवातीला याच मताचे होते. होपी या अमेरिकन आदिवासी जमातीत बाळांना पहिल्या वर्षातला बराच काळ फळीला बांधून ठेवण्याची रीत होती. ही मुले आणि मोकळी वाढलेली मुले साधारण एकाच वयात चालू लागतात, असे डेनिस यांना १९४० मध्ये आढळले. वीस वर्षांनी त्यांनीच तेहरानमधील अनाथालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि चित्र पालटले. तेथील एका संस्थेत बाळे बहुतांश वेळ पाळण्यात उताणी पडून असत. त्यांना पालथे घालणे, टेकवून बसवणे, कडेवर घेऊन फिरवणे जवळजवळ नव्हतेच. मुले अनेक आणि सेविका मोजक्या. या संस्थेतील एक ते दोन वर्षे वयाच्या मुलांपैकी निम्म्यांहूनही कमी मुले आधाराशिवाय बसू शकत होती. तिथून पुढे जिथे ही मुले पाठवली जात, त्या संस्थेत तीन वर्षांची बहुतेक मुले एकटी चालत नव्हती. सर्वांत बोलकी नोंद वेगळीच आहे. जी मुले हालचाल करू लागली, त्यांतली पुष्कळशी रांगण्याऐवजी बसल्या बसल्या सरकत. पालथे पडण्याचा अनुभवच नसल्याने रांगण्याची वाट त्यांना सापडली नव्हती. तिसऱ्या एका संस्थेत सेविका बाळांना मांडीवर घेऊन भरवत, पालथे घालत, बसवत, खेळणी देत. तिथली मुले स्पष्टपणे पुढे होती.

होपी बाळ फळीला बांधलेले असले तरी ते माणसांत होते आणि फळीवरून सुटल्यावर त्याला हालचालीची मुभा होती. तेहरानच्या बाळाला काहीच बांधलेले नव्हते, आणि काही दिलेलेही नव्हते. बंधनापेक्षा संधीचा अभाव अधिक नुकसान करतो, हे या दोन अभ्यासांच्या तुलनेतून दिसते.

संधी दिली तर काय होते, हे केनियातील किप्सिगिस समाजात चार्ल्स सुपर यांनी १९७० च्या दशकात नोंदवले. तिथल्या आया बाळाला बसायला आणि चालायला मुद्दाम शिकवतात. त्या शिकवण्यासाठी भाषेत स्वतंत्र शब्द आहेत. ही बाळे बसण्यात आणि चालण्यात अमेरिकन बाळांच्या पुढे होती. रांगण्यात मात्र नव्हती, कारण रांगणे कोणी शिकवत नसे. आपल्याकडे बाळाला तेल लावून हातपाय ओढून घेणे, बोट धरून ‘चाल चाल’ करवणे आणि सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांतला पांगुळगाडा ही याच जातीची साधने होत. पांगुळगाडा ढकलताना बाळ स्वतःच्या पायांवर उभे असते. चाकांच्या खुर्चीत बसवून बाळाला घरभर फिरवणारा ‘वॉकर’ ही वेगळी वस्तू आहे; त्यात पाय बाळाला दिसत नाहीत आणि तोल सांभाळावा लागत नाही. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली, ती प्रामुख्याने अपघातांमुळे.

म्हणजे वयाला अर्थ नाही असे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील निरोगी बालकांचा अभ्यास करून २००६ मध्ये टप्पे प्रसिद्ध केले. त्यानुसार आधाराशिवाय चालणे सुमारे ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान केव्हाही येऊ शकते, आणि ४ टक्क्यांहून थोडी अधिक बाळे हात-गुडघ्यांवर कधी रांगतच नाहीत. शेजारच्या मुलाशी महिन्या-दीड महिन्याची तुलना करून झोप उडवणाऱ्या पालकांनी ही खिडकी किती रुंद आहे ते पाहावे.

फेकण्याची गोष्ट

चालणे बहुतेक सर्वच मुलांना येते. तीन वर्षांनंतर जी कौशल्ये यायची असतात, त्यांची गोष्ट तशी नाही. उदाहरण फेकण्याचे घ्यावे. तीन वर्षांचे मूल चेंडू फेकते तेव्हा फक्त कोपरापासून पुढचा हात हलतो. पाय जागचे हलत नाहीत, धड समोरच राहते. पुढच्या टप्प्यात ते एक पाऊल टाकते, पण ज्या हाताने फेकायचे त्याच बाजूचे. त्यानंतर केव्हातरी विरुद्ध बाजूचे पाऊल पुढे येते, कंबर आणि खांदे मागे वळून झेपावतात आणि चेंडू खऱ्या अर्थाने लांब जातो. हा शेवटचा टप्पा सर्वांना गाठता येतोच असे नाही. पहिल्याच टप्प्यावर थांबलेली प्रौढ माणसेही आढळतात.

अमेरिकेत गरीब वस्त्यांतील बालवाड्यांमध्ये जॅकलिन गुडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर दीर्घ काम केले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाला १२ आठवडे धावणे, उडी, फेकणे, झेलणे यांचे पद्धतशीर शिक्षण दिले, तर दुसऱ्या गटाचा नेहमीचा कार्यक्रम चालू राहिला. पहिला गट लक्षणीय पुढे गेला. दुसऱ्यात फारसा फरक पडला नाही. पुढे लिआ रॉबिन्सन यांच्यासमवेत केलेल्या २००९ च्या अभ्यासात दोन पद्धती ताडून पाहिल्या. एकीत शिक्षिका सांगेल त्या क्रमाने सर्वांनी एकच कृती करायची. दुसरीत साहित्याची वेगवेगळी ठिकाणे मांडलेली, मुलाने आपल्याला झेपेल तो चेंडू आणि तेवढे अंतर स्वतः निवडायचे. नऊ आठवड्यांनी दोन्ही गट प्रगत झालेले होते. केवळ मोकळ्या खेळाला सोडलेला तिसरा गट होता तिथेच राहिला.

आपल्याकडच्या एका आवडत्या समजुतीला हा निष्कर्ष थोडा खुपतो. ‘मुलांना मोकळे सोडा, ती आपोआप शिकतात’ हे अर्धेच खरे आहे. मोकळ्या वेळात दांडगी मुले चेंडू ताब्यात घेतात, बुजरी कडेला उभी राहतात. मुलींच्या वाट्याला चेंडू कमीच येतो. फेकणे-झेलण्याच्या चाचण्यांत मुली मागे पडल्याचे अनेक देशांत वारंवार दिसते आणि तीन-चार वर्षांच्या वयात त्याचे स्पष्टीकरण शरीररचनेत शोधण्याआधी सरावाच्या तासांत शोधावे लागते. फुगडी आणि झिम्मा मुलींसाठी, चेंडू मुलांसाठी, अशी वाटणी घरातच झालेली असते. गंमत अशी की फुगडीत तोल, पकड, लय आणि जोडीदाराच्या वजनाचा अंदाज या चारही गोष्टी एकदम लागतात. मुलग्यांना तिच्यापासून दूर ठेवण्याचे काहीच कारण नाही.

खोली, अंगण आणि जंगल

शिकण्याचे वातावरण म्हणजे भिंतीवरची रंगीत चित्रे नव्हेत. दक्षिण कॅरोलिनातील बालवाड्यांत थेट निरीक्षण करून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मुलांच्या दिवसाचा हिशेब मांडला. निरीक्षणाच्या ८९ टक्के वेळी मुले बैठ्या स्थितीत होती, ८ टक्के वेळी हलकी हालचाल होती आणि जोमदार हालचाल जेमतेम ३ टक्के. लहान मुले दिवसभर पळतच असतात, ही मोठ्यांची समजूत मोजमापात टिकत नाही. बाहेर सोडल्यावरही मुले किती हलतात हे मोकळी जागा, चेंडूसारख्या हलत्या वस्तू आणि मोठ्यांचा सहभाग यांवर अवलंबून होते. आवारात एक घसरगुंडी आणि दोन झोके असले की प्रश्न सुटला असे मानले जाते. पण झोक्यावर एक मूल बसते आणि पाच रांगेत उभी राहतात. दहा चेंडू असले तर दहा मुले धावतात. खर्चही दुसऱ्या गोष्टीचाच कमी.

नॉर्वेतील टेलेमार्क प्रांतात इंगुन फ्योर्टॉफ्ट यांनी पाच ते सात वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. एका बालवाडीतील मुले नऊ महिने रोज एक ते दोन तास शेजारच्या जंगलात खेळत. तुलनेसाठी घेतलेली मुले नेहमीच्या आखीव क्रीडांगणावर. जंगलात खेळलेल्या मुलांची तोल आणि समन्वय या बाबतीत विशेष प्रगती झाली. कारण उघड आहे. सपाट फरशीवर प्रत्येक पाऊल सारखे पडते. उतार, मुळे, दगड, ओली पाने यांवर प्रत्येक पाऊल वेगळे पडते आणि प्रत्येक वेळी घोट्यापासून मानेपर्यंतच्या स्नायूंना नवा हिशेब करावा लागतो.

गोव्याला जंगल आयात करावे लागत नाही. कुळागराची उतरण, पाटाचे पाणी ओलांडायला टाकलेला माडाचा सोट, चिऱ्यांचा बांध, अंगणातली वाळू हे सारे याच प्रकारचे साहित्य आहे. जुन्या घरांना राजांगण होते, सोपा होता, बाल्कांव होता. पावसातही मुलांना धावायला आडोशाची जागा मिळे. पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा येथील सदनिकांत वाढणाऱ्या मुलाला ही जागा नाही. त्याच्या वाट्याला हॉल, सोफा आणि मोबाइल येतो. त्यात वर्षाला सरासरी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या राज्यात जून ते सप्टेंबर मैदान चिखलात जाते, आणि घरात जागा नसलेल्या मुलाच्या हालचालीची सगळी भिस्त बालवाडीच्या खोलीवर येते. ती खोली बाकांनी भरलेली असेल तर वर्षाचा एक तृतीयांश भाग हातचा गेला.

कोसबाडची टेकडी

या प्रश्नाला मराठीत ऐंशी वर्षांपूर्वीच एक समर्थ उत्तर मिळाले होते. मारिया माँटेसोरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले, तेव्हा त्यांनी प्रथम फर्निचर बदलले. मुलाला स्वतः उचलता येईल अशी खुर्ची, हात पोहोचेल अशी फडताळे, खरी पाण्याची भांडी. पाणी ओतणे, बटणे लावणे, फरशी पुसणे हेच अभ्यासाचे पाठ झाले. हा विचार गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरच्या बालमंदिरात आणला. तिथे त्यांच्या सहकारी झालेल्या ताराबाई मोडक यांनी नंतर तो खेड्यात न्यायचे ठरवले. १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ बोर्डीपासूनच त्यांच्यासोबत होत्या.

अडचण साधनांची होती. माँटेसोरीचे घोटीव लाकडी साहित्य महाग आणि परके. ताराबाई आणि अनुताईंनी बिया, शंख-शिंपले, पाने, काड्या, माती, खडे यांतून तेच पाठ उभे केले. आकार, वजन, स्पर्श, क्रम शिकवण्यासाठी चिंचोके पुरले. दुसरी अडचण मोठी होती. वारली मुले शाळेत येतच ना. तेव्हा बालवाडी त्यांच्या पाड्यावर, अंगणात नेली गेली, ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षण कुरणावर गेले, ती कुरणशाळा. कारक विकासाच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा भाग असा की झाडावर चढणारे, ओढा ओलांडणारे, गुरांमागे धावणारे मूल स्थूल कौशल्यांत मुळीच मागास नव्हते. त्याची ही शक्ती अडथळा न मानता तिच्यावरच पुढचे शिक्षण रचले गेले. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. नावात अंगण राहिले. आज कित्येक केंद्रे एका खोलीत भरतात आणि अंगण असेलच याची हमी नसते.

लिहिणारा हात

पालकांचा जीव अडकतो तो लेखनात, त्यामुळे तिथे जरा थांबणे भाग आहे. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेच्या स्वरूपात असतात आणि एकेक करून हाड बनतात. तीन वर्षांच्या मुलाच्या क्ष-किरण चित्रात साधारण दोन-तीनच दिसतात. सात हाडे दिसू लागेपर्यंत सहावे वर्ष उजाडते आणि आठवे त्याहून उशिरा येते. मुलींमध्ये हे थोडे लवकर घडते. हाडे हेच एकमेव कारण नव्हे. पकडीचा क्रमही ठरलेला आहे. दीड वर्षांचे मूल खडू मुठीत धरते. दोन-तीन वर्षांचे बोटे खाली करून धरते, पण हालचाल खांद्यातून येते. साडेतीन-चारच्या सुमारास तीन बोटांची पकड येते, तीही ताठ. मनगट हलते, बोटे नाहीत. बोटांच्याच हालचालीने लिहिता येणारी पकड साधारण साडेचार ते सहा या काळात येते. आकृत्या पाहून काढण्याचाही क्रम असाच आहे. गोल तिसऱ्या वर्षी, अधिकचे चिन्ह चौथ्याच्या सुमारास, चौकोन साडेचार-पाचला, त्रिकोण त्यानंतर. तिरकी रेघ सर्वांत उशिरा जमते.

आता देवनागरी ‘अ’ पाहावा. दोन वळणे, जोडरेघ, काना, शिरोरेषा. अधिकचे चिन्ह नीट न येणाऱ्या साडेतीन वर्षांच्या मुलाकडून हे अक्षर पानभर गिरवून घेणे म्हणजे पाया भरण्याआधी छप्पर चढवणे होय. मूल ते करते, कारण मुलांना मोठ्यांना खूश करायचे असते. पण करताना पेन्सिल मुठीसारखी आवळते, अंगठा बोटांवरून गुंडाळते, आणि ही बिघडलेली पकड पुढे सुटता सुटत नाही. त्या अर्ध्या तासात मातीचे गोळे वळले असते, पिळून कपडे वाळत घातले असते, दोरीला लोंबकळून खांदे बळकट केले असते, तर लेखनाचीच तयारी अधिक झाली असती.

जुन्या पंतोजींच्या शाळेची शिस्त कौतुकास्पद नव्हती, पण तिथला एक भाग शहाणपणाचा होता. मूल प्रथम धूळपाटीवर लिहीत असे. फळीवर पसरलेल्या धुळीत बोटाने किंवा काडीने मोठे अक्षर काढायचे, हाताने पुसायचे, पुन्हा काढायचे. पकडीचा प्रश्न नाही, ओळीचे बंधन नाही, आणि हालचाल सबंध दंडातून. ‘धुळाक्षरे गिरवणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. दसऱ्याला तांदळात बोटाने अक्षर काढून घेण्याची प्रथा त्याच पद्धतीची खूण आहे. ‘ग म भ न’ या क्रमाने अक्षरे शिकवण्याची मराठीतली रीतही हाताचा विचार करते. या चारही अक्षरांत काना सामाईक आहे आणि डावीकडचे वळण थोडे थोडे बदलते. हाताला एक हालचाल बसली की पुढचे अक्षर सोपे जाते. वर्णमालेचा क्रम तोंडाच्या सोयीचा आहे, हा क्रम हाताच्या.

ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तीन ते सहा वयोगटासाठी पाठ्यपुस्तके नेमू नयेत असे सांगतो आणि खेळ, कृती, हस्तव्यवसाय यांवर भर देतो. गोव्यात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या या स्तराची अंमलबजावणी २०२३-२४ पासून सुरू झाली. कागदावर दिशा योग्य आहे. प्रत्यक्षात बालवाडीची निवड करताना पालक वह्या उलटून पाहतात आणि संस्थाही वह्या भरून दाखवतात. या व्यवहारात दोन्ही बाजू सुज्ञ असतात. खर्ची पडतो तो मुलाचा वेळ.

पडण्याचा हिशेब

मूल पडेल ही भीती शिक्षिकेलाही असते. ढोपर फुटले की संध्याकाळी जाब विचारला जातो, म्हणून मग ‘पळू नका, चढू नका, बसा’ हा दिवसाचा मंत्र होतो. न्यूयॉर्क विद्यापीठातील कॅरेन अॅडॉल्फ यांच्या गटाने नुकत्याच चालू लागलेल्या बाळांचे चित्रण करून मोजले, तेव्हा तासाला सरासरी २,३६८ पावले आणि १७ वेळा पडणे, असा आकडा आला. पडणे हा शिकण्यातला अपघात नसून त्याचा भाग असतो. अर्थात उंचीवरून डोक्यावर पडणे आणि अंगणात ढोपर खरचटणे या एकाच गोष्टी नव्हेत. खेळण्याच्या साधनाखाली काँक्रीट न ठेवता वाळू टाकणे, गंजलेले खिळे काढणे, विहीर आणि रस्ता यांना कुंपण असणे ही मोठ्यांची जबाबदारी. त्यानंतर मात्र ढोपराचा हिशेब मागू नये. बूट हाही एक छोटा अडसर आहे. गणवेशाच्या हट्टापायी तीन वर्षांच्या मुलाला जाड तळव्याचे काळे बूट चढवले जातात आणि तळपायाला जमीन कळतच नाही. आपल्या हवेत बालवाडीतली मुले अनवाणी किंवा साध्या चपलांत राहू शकतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल हवी, त्यांतली किमान ६० मिनिटे दमवणारी. एका जागी जखडून बसवणे सलग तासाभरापेक्षा अधिक नसावे आणि पडद्यासमोरचा वेळ दिवसाला तासाच्या आत, कमी तितका चांगला. बालवाडी चार तासांची धरली तरी तिच्या वाट्याला यातला तासभर तरी येतोच.

एका खोलीतही तो बसवता येतो. बाक भिंतीशी सरकवले की मधली जमीन मोकळी होते. फरशीवर खडूने ओढलेली वळणदार रेघ तोल शिकवते. जुन्या मोज्यांत कापड भरून केलेले चेंडू काच फोडत नाहीत आणि लहान हातांना झेलायला सोपे जातात. झेलण्याची सुरुवात फुग्याने किंवा ओढणीने करावी, कारण त्या हळू पडतात आणि डोळ्यांना हाताशी जुळायला वेळ मिळतो. जिथे गावात देवळाचा सभामंडप किंवा पंचायतीचे सभागृह दुपारपर्यंत रिकामे असते, तिथे पावसाळ्याचे चार महिने ते मागून घेण्यात कोणाला कमीपणा वाटू नये. शिक्षिकेने मात्र खुर्चीतून उठले पाहिजे. ‘छान’ एवढे म्हणण्यापेक्षा ‘दुसरा पाय पुढे टाकून बघ’ हे सांगणे अधिक उपयोगी पडते, आणि ते सांगण्यासाठी मुलाचे पाय पाहावे लागतात.

सगळ्या संधी मिळूनही काही मुले मागे राहतात. चार वर्षांचे मूल दोन्ही पायांनी उडी मारू शकत नसेल, सारखे वस्तूंवर आदळत असेल, शरीराची एकच बाजू वापरत असेल किंवा आधी येत असलेली हालचाल हरवली असेल, तर त्याला ‘आळशी’ किंवा ‘धांदरट’ ठरवण्याऐवजी बालरोगतज्ज्ञाला दाखवावे. यांतली शेवटची खूण दिसली तर अजिबात विलंब करू नये. शाळकरी वयातल्या सुमारे पाच ते सहा टक्के मुलांमध्ये विकासात्मक समन्वय विकार आढळतो. त्याचे निदान सहसा पाच वर्षांपूर्वी केले जात नाही, पण मदत त्याआधी सुरू करता येते. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करण्याची तरतूद आहे. तपासणीला आलेल्या डॉक्टरपुढे मूल दोन मिनिटे लाजून उभे राहते. ते जिना कसे उतरते आणि चेंडू कुठे सुटतो, हे वर्षभर पाहिलेल्या सेविकेला आणि घरच्यांना ठाऊक असते. ती नोंद आधीच लिहून नेली तर त्या दोन मिनिटांत डॉक्टरला पुष्कळ काही कळते.